दोन त्रिकोणांचा डोंगर

ज्याच्या घरात एकही पुस्तक नाही असा मनुष्य शोधायला फार लांब जावे लागत नाही. पण ज्याच्या घरात एकही निसर्गचित्र नाही असा मनुष्य सापडणे कठीण. दिवाणखान्याच्या भिंतीवर नसले तर ते कॅलेंडरावर असते, कॅलेंडरावर नसले तर मिठाईच्या खोक्यावर असते. केस कापायला बसलेल्या माणसासमोर आल्प्सची शिखरे असतात, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या जिवाला समोरच्या भिंतीवरचा धबधबा धीर देत असतो. एके काळी संगणक सुरू केला की त्यातूनही एक हिरवीगार टेकडी वर यायची.

इतकी निसर्गचित्रे भोवती असूनही ती कोणी पाहत नाही. माझे म्हणणे पटत नसेल तर या दिवाळीत फराळाला आलेल्या पाहुण्यांवर एक प्रयोग करून पाहा. चिवड्याची बशी त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "तुमच्या दिवाणखान्यातल्या चित्रात जी होडी आहे ना, तिच्यात माणसे किती?" पाहुणे चिवडा चावायचे थांबतील. पंधरा वर्षे ते चित्र त्यांच्या डोक्यावर टांगलेले आहे. पण होडीत माणसे आहेत की नाहीत, इतकेच काय, चित्रात होडी आहे की नाही, याचीही त्यांना खात्री देता येणार नाही. साफसफाईच्या निमित्ताने वर्षातून एकदा ते चित्र खाली उतरते. पण तेव्हाही पुसणारा काच पाहतो.

देवाच्या तसबिरीपुढे उभे राहिलो की आपल्याला काहीतरी मागायचे असते. आजोबांच्या चित्रापुढे उभे राहिलो की नाक जमले आहे की नाही हे ठरवायचे असते. निसर्गचित्र बिचारे आपल्याकडे काही मागत नाही आणि आपल्यालाही त्याच्याकडून काही नको असते. "छान आहे," एवढे म्हटले की दोघांचीही सुटका होते. निसर्गचित्र पाहायला काय लागते, डोळे असले की झाले, अशी आपली समजूत असते. या समजुतीशीच माझे भांडण आहे.

चित्रकलेतले माझे शिक्षण एलिमेंटरी परीक्षेपुरते. श्रेणी कोणती मिळाली ते कृपा करून विचारू नये. पण आमच्या शाळेत चित्रकलेला शिक्षक नाही, आणि ज्या विषयाला शिक्षक नाही तो मराठीच्या बाईंकडे यावा असा एक अलिखित नियम आहे. म्हणून आठवड्यातून एक तास मी पाचवीच्या मुलांना चित्रे काढायला लावते. एकदा फळ्यावर विषय लिहिला, ‘निसर्गचित्र’. अर्ध्या तासाने वह्या गोळा केल्या. एकेचाळीस मुलांपैकी चाळीस मुलांनी एकच चित्र काढले होते. वाचकहो, ते चित्र तुम्हीही काढलेले आहे. दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्यामध्ये अर्धा सूर्य, कंगव्याच्या दातांसारखे किरण सोडणारा. डोंगराच्या फटीतून निघून थेट आपल्या पायांशी येणारी नदी. एका काठाला नारळाचे झाड, दुसऱ्या काठाला झोपडी. आकाशात मिशांच्या आकाराचे पक्षी. कित्येकांच्या झोपडीला धुराडेसुद्धा होते. आमच्या तालुक्यात धुराड्याची झोपडी मी तरी अद्याप पाहिलेली नाही.

या चित्राचा मूळ चित्रकार कोण, हे कोणी शोधून काढले तर मी त्याचा फोटो वर्गात लावीन. कोकणातली मुले हेच चित्र काढतात आणि नजर जाईल तिथपर्यंत एक टेकाड नसलेल्या गावातली मुलेही हेच काढतात. भूगोलाच्या पुस्तकांनी मुलांच्या मनात जे ठसवता आले नाही ते या दोन त्रिकोणांनी ठसवले आहे.

आता आमच्या शाळेची जागा सांगायला हवी. कल्याणच्या पुढे, शहर जिथे संपल्यासारखे वाटते आणि संपत नाही, अशा ठिकाणी ती आहे. वर्गाच्या पूर्वेकडच्या तिन्ही खिडक्यांतून एक डोंगर दिसतो. डोंगर दिसतो म्हणण्यापेक्षा डोंगराचा उरलेला भाग दिसतो, असे म्हणणे अधिक खरे. दगडाच्या खाणीने त्याची उजवी बाजू माथ्यापासून पायथ्यापर्यंत उभी कापून नेली आहे. दुपारी सुरुंग उडतात तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि माझा ‘वृत्ते आणि अलंकार’चा तास दोन मिनिटे थांबतो. खिडकीत असा खराखुरा डोंगर बसलेला असताना चाळीस मुले त्याच्याकडे पाठ करून दोन त्रिकोण काढत होती.

एकेचाळिसावे चित्र एका मुलीचे होते. तिने त्रिकोण काढला नव्हता. तिचा डोंगर डावीकडून हळूहळू चढत गेला होता आणि उजवीकडे, कोणी भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तसा, एकदम तुटला होता. तुटलेल्या बाजूला तिने तांबूस, करडे आणि मधेच पांढरट असे पट्टे रंगवले होते आणि पायथ्याशी एक पिवळा डंपर. "बाई, हा आमच्या पप्पांचा," ती म्हणाली. तिचे वडील त्याच खाणीवर डंपर चालवतात. शेजारच्या बाकावरच्या मुलाने वहीत डोकावून पाहिले आणि उभे राहून तक्रार केली, "बाई, हिनं निसर्गचित्र काढलंच नाही. खाण काढली!" सगळा वर्ग हसला.

मुले हसली आणि विसरली. मी मात्र त्या मुलाची तक्रार घरी घेऊन गेले. कारण ती तक्रार एकट्याची नव्हती. प्रदर्शनांत जाणारी, चित्रे विकत घेणारी, सुशिक्षित आणि रसिक माणसे आजच्या निसर्गचित्रांपुढे उभी राहून हेच म्हणतात. कोणी म्हणते, "यात निसर्ग कुठे आहे?" कोणी म्हणते, "यात चित्र कुठे आहे?"

या प्रश्नांना उत्तर द्यायचे तर आधी डोळ्याकडे जायला हवे. डोळा म्हणजे कॅमेरा, असे आपण शाळेत शिकतो आणि शिकवतोही. पण हा कॅमेरा मोठा विचित्र आहे. समोरच्या दृश्यापैकी अगदी लहानसा भाग, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा, तेवढाच आपल्याला एका वेळी नीट स्पष्ट दिसतो. बाकीचे सगळे धूसर असते. ते धूसर वाटत नाही, कारण डोळा स्वस्थ बसत नाही. सेकंदाला तीनचार वेळा तो उड्या मारतो, इथले थोडे, तिथले थोडे टिपतो, आणि उरलेले मन आपल्या पदरचे घालून पुरे करते. उडी कुठे मारायची हेही मनच ठरवते. यार्बुस नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने रेपिनच्या एका प्रसिद्ध चित्रापुढे प्रेक्षकाला बसवून त्याच्या नजरेच्या वाटा नोंदवल्या होत्या. त्याचे पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आले. ‘चित्रातल्या माणसांची वये सांगा’ म्हटले की नजर चेहऱ्यांवरून फिरे. ‘त्यांची सांपत्तिक स्थिती सांगा’ म्हटले की तीच नजर कपड्यांवरून आणि सामानावरून फिरू लागे. चित्र तेच, डोळेही तेच. प्रश्न बदलला की पाहणे बदलले. आणि निसर्गचित्रापुढे तर आपण प्रश्नच विचारत नाही. मग नजरेने जावे तरी कुठे?

शिवाय आपण तिला वेळ तरी किती देतो? न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात कोण किती वेळ चित्रापुढे थांबते याची मोजदाद झाली होती. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. नावाजलेल्या चित्रांपुढेही सरासरी सत्तावीस सेकंद, आणि निम्मे लोक सतरा सेकंदांच्या आत पुढे सरकलेले. आपल्याकडे कांद्याच्या ढिगापुढे गृहिणी याहून जास्त वेळ थांबते, आणि म्हणूनच तिला कांदे कळतात.

एवढ्यावरही चित्रकार आपल्याला हातोहात फसवतात हे नवल. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८७२ साली बंदरावरच्या सूर्योदयाचे एक चित्र रंगवले. त्याच्या नावातल्या ‘इंप्रेशन’ या शब्दावरूनच पुढे एका सबंध संप्रदायाला नाव मिळाले. धुक्याने भरलेल्या त्या करड्यानिळ्या चित्रात नारिंगी सूर्याचा गोळा असा काही थरथरतो की डोळे तिथेच खिळतात. आता आपल्या मोबाइलवर ते चित्र काढा आणि काळेपांढरे करून पाहा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! मोनेने त्याला भोवतालच्या ढगांहून उजळ केलेलेच नाही. रंग वेगळा, पण उजेड तेवढाच. डोळ्याचा रंग ओळखणारा कारकून म्हणतो, ‘सूर्य इथे आहे’. उजेड मोजणारा कारकून म्हणतो, ‘इथे काहीच नाही’. आणि दोघांच्या भांडणात सूर्य थरथरत राहतो. म्हणजे तो थरथरणारा सूर्य कॅनव्हासवर नाहीच. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात उगवतो.

डोंगरांचेही तसेच. सहलीहून आल्यावर आपण फोटो दाखवतो आणि सांगतो, "प्रत्यक्षात हा डोंगर केवढा मोठा होता!" फोटोत तो टेंगळाएवढा आलेला असतो. सेझानने आपल्या गावाजवळचा सेंत व्हिक्त्वार हा डोंगर पुन्हा पुन्हा रंगवला. त्याच जागी उभे राहून लोकांनी पुढे फोटो काढले, तेव्हा चित्रातला डोंगर फोटोतल्यापेक्षा मोठा भरला. खोटे कोण? कॅमेऱ्याने डोंगर मोजला होता. सेझानने तो जन्मभर डोळ्यांपुढे बाळगला होता. आपल्याकडे पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर सह्याद्रीची रांग एका रात्रीत चार पावले पुढे आल्यासारखी वाटते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. हवेतली धूळ धुतली गेली, दूरचा निळेपणा कमी झाला, आणि निळे ते दूर असा हिशेब करणाऱ्या मनाने डोंगर जवळ ओढला.

रस्किनने १८५७ साली चित्र काढू इच्छिणाऱ्यांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने म्हटले की चित्रकाराला निरागस डोळा हवा. जन्मांधाला एकाएकी दृष्टी यावी आणि त्याला गवत, ऊन, सावली यांतले काहीच ठाऊक नसताना नुसते रंगांचे ठिपके दिसावेत, तसे त्याने पाहावे. कल्पना मोठी मोहक आहे. शंभर वर्षांनी, १९६० साली, गोम्ब्रिख नावाच्या कलेतिहासकाराने तिचा पाडाव केला. निरागस डोळा जगात नाहीच, तो म्हणाला. जो डोळा उघडतो तो काहीतरी अपेक्षा घेऊनच उघडतो, आणि चित्राचा काही वाटा नेहमी पाहणाराच पुरा करतो.

या दोन पंडितांपैकी खरे कोण, हे मला ग्रंथालयात कळले नाही. ते माझ्या सासूबाईंनी दाखवले.

सासूबाई रत्नागिरीकडच्या. जन्म सगळा शेतीत गेला. गेल्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मुंबईत करून घेतली. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी त्या बराच वेळ आपल्या पदराकडेच पाहत बसल्या. मग मला म्हणाल्या, "अगो, ही साडी निळी आहे?"

"हो आई. निळीच घेतली होती."

"मी चार वर्षं राखी म्हणून नेसत्ये."

डॉक्टरांनी समजावून सांगितले की वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा रंग अडवू लागते. हे इतके हळूहळू होते की आपले जग पिवळे झाले हे माणसाला कळतच नाही. मोनेलाही मोतीबिंदू झाला होता. त्या काळातली त्याची चित्रे तांबडीपिवळी, जळत असल्यासारखी झाली होती. १९२३ साली त्याच्या एका डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि निळा रंग त्याच्याकडे परत आला. सासूबाई काही मोने नव्हेत. पण पुढचे दोन दिवस त्या घरातल्या वस्तूंचे रंग नव्याने मोजत होत्या. स्टीलच्या डब्यात आकाश दिसते, हा शोध त्यांचाच.

तिसऱ्या दिवशी तपासणी लवकर आटोपली. गाडीला चार तास अवकाश होता. मी त्यांना काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत घेऊन गेले. ही गॅलरी १९५२ साली उघडली. आत जायला तिकीट लागत नाही आणि पंखे चांगले आहेत, असे सांगितल्यावर सासूबाई तयार झाल्या. एका दालनात एका तरुण चित्रकाराची निसर्गचित्रे लावली होती. निसर्गचित्रे असे दारातल्या कागदावर लिहिले होते, म्हणून म्हणायचे. आत डोंगर नव्हता, झाड नव्हते, क्षितिजाची रेघसुद्धा नव्हती. एका मोठ्या कॅनव्हासवर खालपासून वरपर्यंत काळपट तपकिरी रंगाचे थर होते, त्यांत राखेसारखे पांढुरके डाग, आणि अगदी वर मातकट पिवळ्याची एक चिंचोळी पट्टी. खाली नाव नव्हते, नुसता आकडा होता. आमच्या पुढच्या गृहस्थांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि ते निघून गेले. सतरा सेकंदही झाले नसतील.

सासूबाई थांबल्या. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "भाजावळ आहे."

ज्यांना कोकणातली भातशेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपे, ज्या तुकड्यात करायची तो तुकडा पावसाच्या आधी भाजतात. शेण, पातेरा, झाडांचे तोडलेले कवळ, वर माती असे थर पसरून पेटवतात. आग धुमसते आणि काळी, राखाडी, ऊन जमीन मागे राहते. "पण डाव्या अंगाला बांध का नाही?" सासूबाईंनी विचारले आणि त्या दोन पावले मागे आल्या. पुन्हा पाहिले. "वरनं बघतोय हा. माडावर चढून बघावं तसं. म्हणून बांध दिसत नाही." पुन्हा थोडा वेळ गेला. "आणि पाऊस आलेला नाही अजून. वर बघ, उन्हाचं कसं झालंय."

चित्रकार कोपऱ्यात बसला होता. तो उठून आला. तो मराठवाड्यातला होता आणि भाजावळ हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. त्याच्या मनात काय होते ते त्याने सांगितले नाही. सासूबाईंनीही विचारले नाही. त्याने त्यांना खुर्ची आणून दिली आणि भाजावळ कशी करतात ते विचारत बसला. गाडी चुकायची वेळ आली तेव्हा मी दोघांना उठवले.

रस्किनला हवा होता तसा, नव्याने दृष्टी आलेला डोळा माझ्या शेजारी उभा होता. पण त्याला नुसते ठिपके दिसले नाहीत. त्याला सत्तर वर्षांची शेती दिसली. गोम्ब्रिख जिंकला. मात्र एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी. ‘ज्याला जे दिसेल ते खरे’ असा याचा अर्थ नव्हे. तसे असते तर सासूबाई ‘भाजावळ आहे’ म्हणून पुढे गेल्या असत्या. बांध नाही हे चित्राने त्यांना सांगितले आणि त्या अडल्या. आपल्या ओळखीला चित्र जिथे विरोध करते तिथे त्या थांबल्या, उभे राहण्याची जागा बदलली, पुन्हा पाहिले. वाटा पाहणाऱ्याचा असतो हे खरे. पण तो चित्राशी भांडूनच पदरात पाडून घ्यावा लागतो.

गेल्या साठसत्तर वर्षांत आपल्या निसर्गचित्रकारांनी पाहणाऱ्याचा हा वाटा वाढवत नेला आहे. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी रंकाळ्याचा संध्यामठ रंगवला, तेव्हा पाणी, दगड आणि संध्याकाळ हे सगळे त्यांनी आपल्या हातात आणून दिले होते. आपण फक्त हात पुढे करायचा. रामकुमार १९६० च्या सुमारास काशीला गेले. त्याआधी त्यांच्या चित्रांत शहरातली उदास माणसे असत. काशीत माणसांचा काय तोटा? पण त्यांच्या काशीच्या चित्रांतून माणसे नाहीशी झाली. एकमेकांवर रेललेली घरे, घाट, काळोखे पाणी एवढेच उरले. आपण त्या चित्रात शिरतो आणि माणसे शोधू लागतो. ती मिळत नाहीत, तेव्हा काशीला लोक कशासाठी जातात ते आठवते. अकबर पदमसींच्या ‘मेटास्केप’ चित्रांत कधी सूर्य आणि चंद्र एकत्र उभे असतात. त्याचे बीज त्यांना कालिदासाच्या शाकुंतलाच्या नांदीत सापडले होते. त्यांतला डोंगर कोणत्या जिल्ह्यात येतो, हा प्रश्नच उरत नाही. आणि नागपूरला जन्मलेले गायतोंडे? त्यांच्या चित्रांपुढे उभे राहून किती जणांना समुद्र दिसला असेल त्याला गणती नाही. ते स्वतः मात्र आपल्या चित्रांत कोणत्याही वस्तूचे चित्रण नाही असेच म्हणत. तरी समुद्र दिसायचा थांबत नाही. मुंबईच्या माणसाचे मन थोडा प्रकाश आणि थोडी खोली मिळाली की तिथे भरती आणतेच.

पण माझ्या वर्गातल्या टीकाकाराचे उत्तर या चित्रांत नाही. ते सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांत आहे. पटवर्धन हे डॉक्टर, क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात त्यांनी अनेक वर्षे व्यवसाय केला. दिवसा लोकांच्या छातीच्या आत पाहायचे आणि उरलेल्या वेळात त्यांच्या शहराच्या. त्यांनी ठाणे रंगवले, उल्हासनगर रंगवले, २००१ साली लोअर परळ रंगवले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहू लागले, त्या काळातले ते परळ. त्यांच्या चित्रांतले रूळ, पूल, चाळी आणि बांधकामे आपण रोज गाडीच्या खिडकीतून पाहतो. म्हणजे पाहत नाही. तीच कॅनव्हासवर आली की माणूस थबकतो. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरले होते. तिथे एक वयस्क गृहस्थ एका चित्रापुढे बोटाने हवेत वाट काढत होते. "इथून उतरायचो, इथून वळायचो, आणि इथे—" इथे काय, ते त्यांनी मला सांगितले नाही. पण ज्या कोपऱ्याला जगात कोणी सुंदर म्हणणार नाही त्या कोपऱ्याकडे ते गृहस्थ महाबळेश्वरच्या पॉइंटावर उभे असल्यासारखे पाहत होते.

यात निसर्ग कुठे आहे? खरे सांगायचे तर निसर्गचित्र हे निसर्गाचे चित्र असते ही आपली समजूतच मुळात लंगडी आहे. ते जागेचे चित्र असते. माणूस जिथे उभा आहे तिथून त्याला जे दिसते त्याचे चित्र. आणि आपण कुठे उभे आहोत? दोन त्रिकोणांच्या मधल्या नदीकाठी तर खास नाही.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न असता तर मी दिवाळीच्या दिवसांत वाचकांच्या डोक्याला त्रास दिला नसता. पण आमच्या खिडकीतला डोंगर दरवर्षी थोडा थोडा कमी होतो आहे. मला त्या शाळेत सोळा वर्षे झाली. मी आले तेव्हा त्याच्या उजव्या खांद्यावर एक पळस होता. फाल्गुनात तो वर्गातून दिसायचा. आता तो खांदाच नाही. खाण बंद करा असे म्हणणे मला सोपे आहे. पण त्या मुलीची फी पिवळ्या डंपरातून येते, आणि ज्या इमारतीत बसून मी हे लिहिते आहे तिच्या भिंतींत कुठल्या डोंगराची खडी आहे ते मला ठाऊक नाही. हा गुंता चित्राने सुटणार नाही. पण जो डोंगर चाळीस मुलांना दिसतच नाही, तो गेला काय आणि राहिला काय, त्यांना सारखेच. मनातला दोन त्रिकोणांचा डोंगर शाबूत आहे. त्याला सुरुंग लागत नाही. त्याच्या आड बाहेरचा डोंगर बिनबोभाट जातो. त्या एका मुलीने मात्र डोंगर आणि डंपर दोन्ही एका कागदावर आणले होते. पुढे मोठी होऊन ती काहीही ठरवो. तिला काय ठरवायचे आहे ते निदान दिसलेले आहे.

परवा, पाऊस उघडल्यावर, मी पाचवीच्या वर्गाला वह्या मिटायला लावल्या. रंगपेट्या दप्तरात टाकायला लावल्या. सगळ्यांना खिडक्यांशी उभे केले आणि सांगितले, "पाच मिनिटं नुसता डोंगर बघायचा. बोलायचं नाही. मग मला त्याच्या कापलेल्या बाजूचा रंग सांगायचा."

पहिले मिनिट खिदळण्यात गेले, दुसरे एकमेकांना कोपर मारण्यात. तिसऱ्या मिनिटाला वर्ग शांत झाला. पाच मिनिटांनी मी विचारले, तेव्हा चाळीस हात वर आले. "विटकरी!" "नाही बाई, गेरूसारखा." "वर गेरू, खाली राखाडी." "ओल्या ठिकाणी जांभळा आहे!" "मधे पांढरी रेघ आहे बाई, बघा ना, अख्ख्या डोंगरात गेलीय." तक्रार करणारा टीकाकार मुलगा सर्वांत शेवटी बोलला. तो अजूनही खिडकीच्या गजांना धरून उभा होता.

"बाई, ढग गेला की रंग बदलतो. मग कुठला सांगू?"

मी त्याला सांगितले की हे मलाही सांगता येत नाही. त्याने उद्या पुन्हा बघून यावे. तास संपल्याची घंटा झाली. मधल्या सुट्टीत पाचसहा जण डबे घेऊन खिडकीशी बसले होते आणि जांभळा कुठे संपतो यावरून त्यांचे भांडण चालले होते.